पळीची हजेरी

माणूस मेलं की लोक त्याच्याबद्दल गोडच बोलतात. मला ते जमत नाही. आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, फार त्रासदायक माणूस होते. साठ वर्षं मी त्यांना जेवू घातलं, त्यामुळे हे म्हणायचा हक्क मला आहे. त्या साठ वर्षांत मी त्यांच्याशी दोन वेळा बोलले. दोन्ही वेळा त्यांच्या हजेरीपायी बोलले.

ते आमच्या गावच्या शाळेत मास्तर होते. गाव वाशिमकडच्या मालेगावपासून चार-पाच मैल आत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मनात मीही गुरुजीच म्हणायची. तोंडाने काहीच म्हणत नव्हते. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोने भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, बोलायचं नाही. भासऱ्यानेही तिचं नाव घ्यायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, चौथी पास. सासूने पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवलं. मला त्यात जड काही वाटलं नाही. उलट एका माणसाला तरी उत्तर द्यायचं नाही, हे बरंच होतं.

पण गुरुजींना घरातही शाळा लागायची. संध्याकाळी ताटं मांडली की ते हजेरी घ्यायचे. थट्टा नव्हती ती. ज्याने हजर म्हटलं नाही त्याच्यासाठी सगळे थांबायचे, भाजी गार झाली तरी. माझं नाव घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी घरात सगळ्यांना नंबर दिले. एक नंबर सासूबाई. दोन नंबर ते स्वतः. स्वतःच पुकारायचे आणि स्वतःच हजर म्हणायचे. तीन नंबर माझा नवरा. चार मी. पुढे मुलगी झाली, ती पाच. गुरुजींची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती, मी यायच्या आधी. त्यांनी दुसरी केली नाही. आमचंच घर त्यांचं घर.

आता मी हजर कसं म्हणणार? पहिल्या दिवशी त्यांनी "चार" म्हटलं आणि गप्प बसले. मी चुलीपाशी, भिंतीच्या आड. सासू माझ्याकडे बघते, मी सासूकडे. नवरा हसू दाबून बसलेला. शेवटी मी हातातली पळी भाजीच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, एकदा वाजवली. बाहेरून गुरुजी म्हणाले, "ठीक." तेव्हापासून पळी हीच माझी हजेरी झाली.

बोलायचं नसलं तरी घरात बोलल्याशिवाय भागत नाही. त्यासाठी त्यांनी बैठकीतला सागवानी खांब धरला होता. मीठ आणायचं का हे मला विचारायचं असलं की ते खांबाला विचारायचे, "खांबा, घरात मीठ हाये का संपलं?" मीठ असलं तर मी पळी एकदा वाजवायची, संपलं असलं तर दोनदा. भाकर चांगली झाली तर खांबाला सांगायचे, "प्रगती समाधानकारक." खारट झाली तर, "अजून लक्ष द्यावं." तीस वर्षांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा खांब गेला. मला वाटलं, सुटले. त्यानंतर ते फ्रिजशी बोलू लागले.

शाळेतही हाच खाक्या. पोरगं उशिरा आलं तर मारायचे नाहीत, कारण विचारायचे. कारण खरं असलं की शिक्षा नाही. एका पोराने सांगितलं, वाटेत दोन गोऱ्ह्यांची टक्कर लागली होती, ती पाहत थांबलो. गुरुजींनी कोणता जिंकला ते विचारलं आणि बसायला सांगितलं. दुसऱ्याने आजी मेली म्हणून सांगितलं. ती आजी त्याच दुपारी शेण वेचताना गुरुजींना भेटली. त्या पोराला आठवडाभर शाळेत रोज उभं राहून एक खरी गोष्ट सांगावी लागली. चौथ्या दिवशी त्याने बापाची सगळी भानगड सांगून टाकली आणि बाप शाळेवर भांडायला आला.

एक कुटुंब दर साली वीटभट्टीवर जायचं, पोराला घेऊन. दुसऱ्या मास्तरांनी त्याचं नाव पटावरून कमी करा म्हटलं. गुरुजी ऐकेनात. पाच महिने रोज "सोळा" म्हणायचे, थोडं थांबायचे, मग "सतरा". ते पोरगं परत आलं, सोळाला हजर म्हणालं, तर गुरुजींनी मान वर करून पाहिलंही नाही. पुढचा नंबर घेतला. हे मला मुलीने सांगितलं. तीही त्याच शाळेत होती.

माझ्यावर त्यांचा पहिला उपकार वह्यांचा. सासू बोलून गेली, की सुनेला पाढे येतात. दुसऱ्या दिवशी गुरुजी खांबाला म्हणाले, "खांबा, दुसरीच्या वह्या हायेत. घरात कोनाले बेरीज येत असन तं पाहून ठेवाव्या." स्वयंपाकघराच्या चौकटीत वह्यांचा गठ्ठा ठेवून गेले. वरण शिजेस्तोवर मी तपासल्या. माझ्या बोटांची हळद वह्यांना लागली. संध्याकाळी त्यांनी माझं तपासलेलं तपासलं. एका पोराची चुकलेली वजाबाकी मी बरोबर दिली होती. तिच्याखाली लाल शाईने लिहिलं, "तपासणाऱ्याने पुन्हा पाहावे." मला इतका राग आला की आठ दिवस त्यांच्या भाकरीला तूप लावलं नाही. त्यांनी खांबाला तेही विचारलं नाही. त्यानंतर मात्र माझी एक चूक त्यांना सापडली नाही. वीस-बावीस वर्षं मी त्या वह्या पाहिल्या. हळद लागलेली वही असली की पोरं म्हणायची, ही घरातून तपासून आली. चौथी शिकलेली बाई वीस वर्षांत अक्षर विसरून जाते. मी विसरले नाही, म्हणून हे लिहू शकते.

आता पहिल्यांदा बोलले ते सांगते.

आमचा भाजीचा मळा. मेथी, पालक, वांगी, कोथिंबीर. आठवड्यात दोन बाजार करायचे. बाजाराच्या दिवशी पहाटे पाचपासून भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, धुवायच्या, आठच्या एसटीच्या टपावर टोपल्या चढवायच्या. शाळेला खोल्या कमी होत्या, म्हणून मोठ्या वर्गांची शाळा सकाळी सातला भरायची. माणसं आम्ही दोघं, आणि मुलगी. त्यामुळे आठवड्यात दोन दिवस मुलीचा खाडा ठरलेला. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. मुलगी काय, सातवी झाली की तिचं लग्नच करायचं होतं.

सातवीची परीक्षा त्या काळी बाहेरगावी केंद्रावर व्हायची. फॉर्मवर शाळेने हजेरी लिहून द्यावी लागे. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. गुरुजी त्या वर्षी शाळेचे मुख्य होते, फॉर्म त्यांच्याच सहीचा. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांनी हिशेब करून सांगितलं, पाच नंबरने आजपासून परीक्षेपर्यंत एकही खाडा केला नाही तरच हजेरी भरते. एक दिवस चुकला तर नाही.

नवऱ्याने ताटातून मान वर केली. तो म्हणाला, "दादा, पेन तं तुमच्याच हातात हाये. चार रेघा जास्त ओढल्या तं कोनाचं काय जाते?"

गुरुजी म्हणाले, "माह्या हातात हाये म्हनूनच ओढत नाही."

"घरच्या पोरीसाठी बी नाही?"

"घरच्या पोरीसाठी तं नाहीच."

नवरा चिडला. त्याचं खरं होतं. मेथी काही शाळेची घंटा ऐकून थांबत नाही. एका दिवसात जून होते. आणि आजूबाजूच्या गावांत मास्तर लोक घरी बसलेल्या पोरांची हजेरी लावतच होते. आमचाच मास्तर असा निघाला.

पुढचा बाजार आला. गुरुजी आदल्या संध्याकाळपासून केंद्रावर मीटिंगला गेले होते, उन्हं चढल्यावर सरळ शाळेत यायचे होते. मी मुलीला शाळेत पाठवलं नाही. नवऱ्याच्या पाठीत चमक भरली होती, तीन वाफे मेथी उभी होती. मी म्हटलं, पाहू पुढचं पुढे. मुलगी वाफ्यात उतरली. मेथी उपटत होती आणि शाळेच्या दिशेने पाहत होती. ते मी पाहिलं आणि तरी ठेवली.

त्या संध्याकाळी हजेरी झाली. पाच नंबरने हजर म्हटलं. गुरुजींनी ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "घरी हजर. शाळेत गैरहजर. कारण?"

मुलगी खाली पाहत बसली. नवरा भाकर मोडत राहिला. सासूने सावरून घेतलं. म्हणाली, "पोट दुखत व्हतं तिचं. कायले जेवताना इचारून राह्यला, मास्तर?"

पोट दुखत होतं म्हटल्यावर ते कारण चालून गेलं असतं. आजारपणाचे दिवस ते हजेरीत माफ धरत. मला हे माहीत होतं. सासूलाही माहीत होतं, म्हणून तर ती बोलली. गप्प बसले असते तर मुलीचं भागलं असतं. पण मुलगी आजीकडे पाहून मान हलवू लागली. खोटं बोलायला ती माझ्या डोळ्यांदेखत शिकत होती, आणि माझ्यासाठी शिकत होती. ते मला सहन झालं नाही.

मी आतून बोलले. "पोट नाही दुखत तिचं. म्याच घरी ठेवली. मेथी काढाले हात पुरत नोयते."

सासूच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. नवरा भिंतीकडे पाहू लागला, जणू भिंतच बोलली. मला वाटलं, आता माहेरी पाठवतात.

गुरुजींनी ताट जवळ ओढलं. मग खांबाकडे तोंड करून म्हणाले, "कारण खरं हाये." आणि जेवू लागले.

शिक्षा नाही, हे कळलं. पण खाडा तो खाडा. मुलगी त्या रात्री जेवली नाही.

पुढच्या बाजाराच्या पहाटे आम्ही मळ्यात पोचलो तर वाफ्यात कोणी बसलेलं. मला वाटलं चोर. गुरुजी होते. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, डोक्याला मफलर, पुढ्यात मेथी. त्यांना काही येत नव्हतं. मेथी मुठीने उपटायची असते, ते एकेक काडी काढत होते. जुडी बांधताना काड्या मोजत होते. मुळं एका रेषेत आली नाहीत तर सोडून पुन्हा बांधत होते. एका जुडीला त्यांना लागे तेवढ्या वेळात मी पाच बांधायची. नवरा म्हणाला, "दादा, हे भाजी हाये, कवायत नाही." ते म्हणाले, "तू तुह्या ओळीत पाहा."

पण दोन हात ते दोन हात. साडेसहाला काम आटोपलं. गुरुजी आणि मुलगी मळ्यातूनच शाळेत गेले. जाताना ते नवऱ्याला सांगून गेले, मागचा खाडा ते आपल्या डोक्यावर घेतात. पुढचे चार रविवार ते शाळा उघडून सातवीला बसवतील, पूर्ण दिवस धरून, सगळ्या वर्गासाठी. तसं वरच्या साहेबांकडून लिहून आणलं होतं. म्हणजे एका पोरीपायी साऱ्या सातवीचे रविवार गेले. पोरांनी तिला किती शिव्या दिल्या असतील ते तिलाच ठाऊक.

परीक्षेपर्यंत एकही बाजार त्यांनी चुकवला नाही. ते वाफ्याच्या एका टोकाला, उगवतीकडे तोंड करून. मी दुसऱ्या टोकाला, मावळतीकडे. मधे मेथी. बोलणं नाही. माझी टोपली भरली की मी तिच्यावर थाप मारायची, ते उठून रिकामी आणून ठेवायचे. थंडीच्या दिवसांत दवाने त्यांची बोटं फाटली. त्या भेगांत खडू जायचा आणि आग व्हायची. हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांना पाण्याचं भांडंही उचलता येईना ते मी पाहिलं. मी तेल कोमट करून वाटी खांबापाशी ठेवू लागले. सकाळी वाटी रिकामी असायची. त्याच्यापेक्षा जास्त आभार मानायची आमच्या घरात पद्धत नाही.

मालेगावच्या बाजारात लोक हसायचे. मास्तरांच्या जुड्या लगेच ओळखू यायच्या, एकसारख्या, वर्गात उभ्या केल्यासारख्या. एक गिऱ्हाईक बाई नेहमी विचारायची, "त्या मोजलेल्या जुड्या हायेत का?" त्याच आधी खपायच्या. नवऱ्याचा राग त्याने निम्मा झाला.

एके दिवशी त्यांना शाळेत पोचायला उशीर झाला. त्यांनी स्वतःच्या नावापुढे स्वतःच लिहिलं, उशीर, कारण मेथी. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं आणि हे काय म्हणून विचारलं. गुरुजींनी सगळं सांगितलं. साहेब म्हणे जाताना दोन जुड्या मागून घेऊन गेले.

मुलीची हजेरी भरली. तीन दिवस जास्तच भरले. ती पास झाली, मग वाशिमला शिकली, मास्तरीण झाली. आता अनसिंगकडे एका शाळेत आहे, दोन वर्षांत रिटायर होईल. तिचं लग्नही झालं, वेळेवर झालं. मी सातवीनंतर करणार होते ते सात वर्षांनी झालं, काही आभाळ कोसळलं नाही.

मी मनात कधीची मानते, की ते खाली उतरून मेथीत बसले नसते तर माझी मुलगी आज माझ्यासारखीच कोणाच्या तरी भिंतीआड पळी वाजवत असती. हे मी त्यांना सांगितलं नाही. खांबालाही नाही.

सासू वारली तेव्हा गुरुजींनी नंबर बदलले नाहीत. रोज "एक" म्हणायचे, थोडं थांबायचे, मग "दोन, हजर." आम्हाला त्याची सवय झाली.

मग माझा नवरा गेला. दिवाळीच्या आधी, मळ्यातच, पंपापाशी. गुरुजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी खांदा दिला, सगळं धड केलं. दोन महिन्यांनी त्यांच्या डोक्यातून काही काही निसटू लागलं. आधी चष्मा, मग वार, मग भाऊ गेला हेच निसटलं. आईचं मरण राहिलं, भावाचं राहिलं नाही.

संध्याकाळी ते पुकारायचे, "तीन." उत्तर नाही. "कारण?"

मुलगी शनिवारी यायची. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की म्हाताऱ्यांना धक्का देऊ नका, गोड बोलून वेळ मारून न्या. म्हणून ती म्हणाली, "बाबा मळ्यात गेले आहेत, गुरुजी. तुम्ही जेवून घ्या." तिला वाटलं, झालं.

ते म्हणाले, "येऊ दे त्याले." आणि ताटाला हात लावला नाही.

रोज हेच. मीही काही दिवस त्यांनी कारण विचारलं की नुसती पळी वाजवून वेळ मारून नेली. ते ओट्यावर जाऊन बसायचे, मळ्याच्या वाटेकडे तोंड करून. भाऊ उपाशी आणि आपण जेवायचं, हे त्यांना कधी जमलंच नव्हतं. सकाळी चहात बुडवून काही खायचे, तेवढंच. महिन्याभरात सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला. मी मुलीला म्हटलं, मी सांगते त्यांना. ती म्हणाली, "आई, नको. सहन होणार नाही त्यांना."

मी म्हटलं, "अन् उपाशी मरनं सहन होते?"

त्या संध्याकाळी त्यांनी "तीन" म्हटलं. थांबले. "कारण?"

मी गॅस बंद केला. बाहेर आले आणि त्यांच्या समोर खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक जुनी खोक होती, ती मला माहीतच नव्हती.

मी म्हटलं, "गुरुजी, तीन नंबर मळ्यात नाही. वारले ते. दिवाळीच्या आधी. तुमीच खांदा देल्ला."

ते हातांकडे पाहत राहिले. रडले की नाही मला सांगता येणार नाही, मी त्यांच्या ताटाकडे पाहत होते. मुलगी दारात उभी होती, तोंडावर हात धरून.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवली. फ्रिजकडे पाहून म्हणाले, "कारण खरं हाये."

मग म्हणाले, "चार."

मी तर समोरच बसले होते. पण ते थांबले. मी उठले, आत गेले, पळी घेतली आणि गंजावर वाजवली. "ठीक," ते म्हणाले. "पाच." मुलगी कशीबशी हजर म्हणाली. मग त्यांनी भाकर मोडली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

मला वाटलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी ते विसरले होते. "तीन. कारण?" मी पुन्हा बाहेर येऊन बसले, पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. म्हणून मी दोनदा बोलले म्हणते, पण दुसरी वेळ दीड वर्ष चालली. दीड वर्ष रोज संध्याकाळी मी माझ्या नवऱ्याचं मरण त्यांना सांगत होते आणि रोज ते नव्याने ऐकत होते. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला पहिले आठ-दहा दिवस जड गेलं. पुढे नाही. रोज तोंडाने म्हटल्यामुळे ते मलाही खरं वाटू लागलं. आणि ते जेवत होते. दवात बसून त्यांनी बोटं फाडून घेतली होती, त्याच्या मानाने हे काही फार नव्हतं.

या पावसाळ्यात ते गेले. दुपारी झोपले ते उठले नाहीत. भाकर खाऊन झोपले होते.

तेरवी झाली, पाहुणे गेले. संध्याकाळी घरात मी आणि मुलगी. तिने दोन ताटं मांडली आणि बसून राहिली. मी आत भाजी ढवळत होते. ती पुकारेल असं मला वाटलं, जन्मभर मास्तरकी केली तिने. ती गप्प. मला वाढायला जायचं होतं, पण पाय उचलेना. साठ वर्षांची खोड.

मग मी पळी गंजावर एकदा वाजवली.

बाहेरून मुलगी म्हणाली, "हजर."

मी भाजी घेऊन बाहेर गेले आणि आम्ही जेवलो.